क्रिएटिनिनचा रिपोर्ट नीट कसा वाचायचा

पंचवीस वर्षांचा एक तरुण आणि पासष्ट वर्षांच्या एक बाई. दोघांचंही सीरम क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांचं काम जोखणारा रक्तातला आकडा, १.१ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. दोन्ही रिपोर्टांत आकडा शेजारी छापलेल्या मर्यादेच्या आतच आहे, ठळक अक्षरं नाहीत, बाण नाही. पण वय आणि लिंग धरून हिशेब केला तर त्या तरुणाच्या मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता मिनिटाला ९६ मिलिलिटर येते आणि त्या बाईंची ५६. तरुणाच्या आकड्यात काळजीचं काही नाही. बाईंचा आकडा मात्र तीन महिन्यांनंतरही ६० च्या खालीच राहिला, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार ठरतो.

क्रिएटिनिन एकटं वाचायचं नसतं, ते यासाठी. त्याच्यासोबत वय, लिंग, अंगावरचे स्नायू, आधीचे आकडे आणि लघवीची तपासणी या सगळ्यांचा विचार करावा लागतो. ‘रेंजमध्ये आहे ना, मग झालं’ असं म्हणून रिपोर्ट कपाटात टाकला जातो आणि सुरुवातीची, सर्वांत जास्त उपचार करता येण्याजोगी वर्षं निघून जातात.

हा आकडा येतो कुठून

स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ ऊर्जा साठवून ठेवण्याचं काम करतो. त्यातला साधारण एक ते दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि रक्तात उतरतो. शरीराला त्याचा काही उपयोग नसतो. मूत्रपिंडातल्या सूक्ष्म गाळण्या ते रक्तातून गाळतात, थोडा भाग पुढच्या नलिकाही लघवीत सोडतात. तयार होण्याचा वेग रोज जवळपास सारखाच असल्यामुळे रक्तातली पातळी वाढली की बाहेर टाकण्याचं काम मंदावलंय असा अर्थ लावता येतो.

यात दोन अडचणी आहेत. पहिली, स्नायू जितके जास्त तितकं क्रिएटिनिन जास्त तयार होतं. म्हणून पिळदार तरुणाचा १.३ निर्धोक असू शकतो आणि हडकुळ्या वृद्धेचा ०.९ ही चिंतेचा.

दुसरी अडचण फार कमी लोकांना माहीत असते, आणि तीच जास्त महत्त्वाची आहे. क्रिएटिनिन आणि गाळण्याची क्षमता यांचं नातं सरळ रेषेतलं नाही. चाळीस वर्षांच्या पुरुषाचं उदाहरण घ्या. क्रिएटिनिन ०.८ असताना अंदाजे क्षमता ११५ येते. ते १.२ झालं की ७८. वाढ फक्त ०.४ ची, दोन्ही आकडे ‘नॉर्मल’, आणि जवळजवळ एक तृतीयांश क्षमता गेलेली. त्याच माणसाचं क्रिएटिनिन ४.० वरून ४.४ वर गेलं तर क्षमता १८ वरून १६ वर येते. वाढ तेवढीच, पण नुकसान दोन अंकांचं. आपण घाबरतो मोठ्या आकड्यांना, आणि खरी घसरण होऊन गेलेली असते लहान आकड्यांच्या काळात.

रक्त द्यायला जाण्यापूर्वी

फक्त क्रिएटिनिन करायचं असेल तर उपाशीपोटी जायची गरज नाही. सोबत साखर किंवा चरबीची तपासणी असेल तर लॅब सांगेल तसं उपाशी राहा, पण पाणी पीत राहा. रात्रभर आणि सकाळभर पाणी न पिता रक्त दिलं तर यूरिया (प्रथिनांपासून तयार होणारा, मूत्रपिंडांतून बाहेर पडणारा टाकाऊ पदार्थ) वाढलेला दिसतो, कधी क्रिएटिनिनही थोडं वर सरकतं. उलट, आकडा ‘चांगला’ यावा म्हणून दोन-तीन लिटर पाणी एकदम पिऊन जाण्यातही अर्थ नाही. रोज पिता तेवढंच प्या.

शिजवलेल्या मांसात तयार क्रिएटिनिन असतं. ते खाल्ल्यावर पुढचे काही तास रक्तातला आकडा खराखुरा वाढतो, मूत्रपिंडं ठणठणीत असली तरी. म्हणून आदल्या संध्याकाळपासून मांसाहार टाळा. जड व्यायामही आदल्या दिवशी नको. व्यायामासाठी क्रिएटिनची पावडर घेत असाल तर ते डॉक्टरांना आधी सांगा. पावडरमुळे वाढलेला आकडा आजारामुळे वाढलेल्या आकड्यापासून नुसता बघून वेगळा ओळखता येत नाही. अशा वेळी पावडर काही आठवडे बंद ठेवून तपासणी पुन्हा करावी लागते, किंवा खाली सांगितलेली सिस्टॅटिन सी ही तपासणी करावी लागते.

जुलाब, उलट्या किंवा ताप चालू असताना नेहमीची वार्षिक तपासणी करू नका, बरं वाटल्यावर आठवड्याभराने करा. मात्र आजारपणात डॉक्टरांनी मुद्दाम सांगितली असेल तर ती त्याच दिवशी करायची. नेहमीची औषधं स्वतःहून बंद करू नका, यादी सोबत न्या. आणि जमेल तोवर दर वेळी एकाच लॅबमध्ये जा. क्रिएटिनिन मोजायच्या मुख्य पद्धती दोन. जाफे पद्धत १८८६ सालच्या एका रासायनिक अभिक्रियेवर आधारलेली आहे. तिच्यात खूप वाढलेली साखर, कीटोन आणि काही प्रतिजैविकं आकडा खोटाच वर नेतात, तर खूप वाढलेलं बिलिरुबिन तो खाली ओढतं. एन्झाइमॅटिक पद्धतीत हे घोळ बरेच कमी होतात. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत पद्धतीचं नाव बहुधा छापलेलं असतं. लॅब बदलली आणि पद्धतही बदलली, तर ०.१ चा फरक निव्वळ त्यामुळे पडू शकतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

आधी एकक बघा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वापरतात, काही मायक्रोमोल प्रति लिटर. १ मिलिग्रॅम म्हणजे ८८.४ मायक्रोमोल. रिपोर्टवर ९७ दिसलं आणि तुमचा मागचा आकडा १.१ होता, तर काहीच बदललेलं नाही, फक्त एकक वेगळं आहे.

मग ईजीएफआरची ओळ शोधा. हीच ती गाळण्याची अंदाजे क्षमता, मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो ते सांगणारी. बऱ्याच रिपोर्टांत ती क्रिएटिनिनखालीच छापलेली असते. नसेल तर स्वतः काढता येते. प्रौढांसाठी सध्या सीकेडी-ईपीआय या गटाचं २०२१ चं सूत्र सर्वाधिक वापरलं जातं. इंटरनेटवरच्या गणकयंत्रात फक्त क्रिएटिनिन, वय आणि लिंग भरायचं असतं. तिथे दोन चुका हमखास होतात: एकक चुकीचं निवडणं आणि जुनं सूत्र निवडणं. २००९ चं सूत्र आणि २०२१ चं सूत्र एकाच रक्ताला काही अंकांनी वेगळं उत्तर देतात. जुन्या रिपोर्टशी तुलना करायची असेल तर जुनं क्रिएटिनिन घेऊन नव्या सूत्राने पुन्हा हिशेब करा, छापलेले ईजीएफआर शेजारी ठेवू नका.

आकडा कसा निघतो ते एकदा हाताने करून पाहिलं की त्याच्या मर्यादा आपोआप कळतात. त्या पासष्ट वर्षांच्या बाईंचं घेऊ. स्त्रियांसाठी भाजक ०.७ आहे, पुरुषांसाठी ०.९.

१.१ भागिले ०.७ म्हणजे १.५७१.
त्याचा उणे १.२ घात म्हणजे ०.५८१.
०.९९३८ चा ६५ वा घात, म्हणजे वयाचा वाटा, ०.६६७.
आता १४२ × ०.५८१ × ०.६६७, आणि स्त्री असल्यामुळे आणखी × १.०१२. उत्तर ५५.७, म्हणजे ५६.

पहिला भागाकार १ पेक्षा कमी आला तर घात बदलतो: स्त्रियांसाठी उणे ०.२४१, पुरुषांसाठी उणे ०.३०२. या सगळ्यात वजन कुठेच नाही, स्नायू कुठेच नाहीत. सूत्र तुम्हाला तुमच्या वयाची आणि लिंगाची सरासरी व्यक्ती समजतं.

९० किंवा जास्त असेल तर क्षमता सामान्य, ६० ते ८९ किंचित कमी. या दोन गटांत लघवीत दोष नसेल आणि सोनोग्राफीत मूत्रपिंडांची रचना ठीक असेल तर तो आजार धरत नाहीत. ४५ ते ५९, ३० ते ४४, १५ ते २९ आणि १५ च्या खाली हे पुढचे टप्पे. पण कुठलाही टप्पा एका रिपोर्टवरून लावायचा नसतो. दोष किमान तीन महिने टिकला पाहिजे. एका ५४ वरून ‘तिसऱ्या टप्प्याचा आजार’ असा शिक्का मारून घेऊन रात्रीची झोप घालवू नका. तसंच, हा आकडा म्हणजे ‘किडनी ५४ टक्के चालते’ असाही नाही. निरोगी तरुणाची क्षमता १०० ते १२० च्या घरात असते आणि चाळिशीनंतर ती दरवर्षी साधारण एका अंकाने उतरते.

सूत्र कुठे फसतं

स्नायू सरासरीपेक्षा खूप जास्त असतील तर ईजीएफआर खऱ्याहून कमी दिसतो. स्नायू झडलेले असतील तर तो खऱ्याहून जास्त, म्हणजे खोटा दिलासा देणारा. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले, पाय किंवा हात गमावलेले, लिव्हर सिरोसिस असलेले आणि कुपोषित रुग्ण या दुसऱ्या गटात येतात. इथे सिस्टॅटिन सी उपयोगी पडतं. हे प्रथिन शरीरातल्या जवळपास सगळ्या पेशी तयार करतात, त्यामुळे त्यावर स्नायूंचा परिणाम फारसा होत नाही. क्रिएटिनिन आणि सिस्टॅटिन दोन्ही घालून काढलेला ईजीएफआर एकेकट्यापेक्षा अचूक असतो. मात्र थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइड, धूम्रपान आणि लठ्ठपणा यांचा सिस्टॅटिनवर परिणाम होतो, तेव्हा ते सांगायला विसरू नका.

मुलांना प्रौढांचं सूत्र लावायचंच नाही. त्यांच्यासाठी उंची वापरतात: ०.४१३ गुणिले सेंटिमीटरमधली उंची, भागिले क्रिएटिनिन. ११० सेंटिमीटर उंचीच्या मुलाचं क्रिएटिनिन ०.९ असेल तर उत्तर जेमतेम ५० येतं. रिपोर्टवर प्रौढांची मर्यादा छापलेली असेल तर हे मूल सहज ‘नॉर्मल’ म्हणून सुटतं. मुलाचा रिपोर्ट असेल तर शेजारची मर्यादा त्याच्या वयाची आहे ना, हे आवर्जून बघा.

गरोदरपणात गाळण्याचं काम वाढतं आणि क्रिएटिनिन खाली जातं, बहुधा ०.४ ते ०.८ मध्ये. त्या काळात १.० हा आकडा डॉक्टरांना लगेच कळवायचा, जरी रिपोर्टवर त्याला कुठलीही खूण नसली तरी. ईजीएफआरचं सूत्र गरोदरपणात वापरत नाहीत.

काही औषधं नलिकांतून होणारं क्रिएटिनिनचं उत्सर्जन अडवतात. ट्रायमेथोप्रिम, सिमेटिडीन आणि एचआयव्हीवरचं डोल्युटेग्राविर ही त्यांतली. गाळणी शाबूत असते, आकडा मात्र वर जातो. तो लवकरच एका जागी थांबतो आणि त्याच वेळी यूरिया वाढत नाही, यावरून डॉक्टरांना अंदाज येतो.

रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या काही औषधांची गोष्ट वेगळी. नावाच्या शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टान’ असलेली औषधं गाळणीतला दाब उतरवतात. त्यामुळे सुरुवातीच्या आठवड्यांत क्रिएटिनिन थोडं चढतं, आणि मूत्रपिंडाचं दीर्घकालीन संरक्षणही त्याच कृतीतून होतं. ३० टक्क्यांपर्यंतची वाढ साधारणपणे स्वीकारतात. म्हणजे १.० चं १.२ झालं म्हणून गोळी बंद करणं चूक. ‘ग्लिफ्लोझिन’ने संपणाऱ्या औषधांनीही सुरुवातीला ईजीएफआर थोडा उतरतो. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टान’ सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासतात. वाढ ३० टक्क्यांच्या वर गेली तर शरीरातलं पाणी कमी झालंय का, वेदनाशामक गोळ्या चालू आहेत का, मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद आहे का, हे शोधावं लागतं.

लघवीची तपासणी नसेल तर रिपोर्ट अर्धाच

गाळणीला इजा झाली की बऱ्याचदा क्रिएटिनिन हलण्याच्या कितीतरी आधी लघवीत अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन उतरू लागतं. मधुमेहात तर हे नेहमीचंच. त्यामुळे मधुमेह किंवा उच्च रक्तदाब असेल तर वर्षातून निदान एकदा रक्तातल्या क्रिएटिनिनसोबत लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तरही करून घ्या. ते एसीआर या नावाने ओळखलं जातं. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमच्या खाली अल्ब्युमिन असेल तर ठीक, ३० ते ३०० मध्यम वाढ, ३०० च्या वर तीव्र. ईजीएफआर ९५ आणि एसीआर ४०० असलेल्या माणसाला, ईजीएफआर ५५ आणि एसीआर १० असलेल्यापेक्षा जास्त लक्षपूर्वक उपचार लागतात.

नमुना सकाळच्या पहिल्या लघवीचा, मधल्या धारेचा घ्या. ताप, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, मासिक पाळी आणि गेल्या चोवीस तासांतला जोरदार व्यायाम यांमुळे अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं, तेव्हा नमुना पुढे ढकला. वाढ दिसली तरी तीन ते सहा महिन्यांच्या काळात तीनपैकी दोन नमुने वाढलेले आले तरच ती पक्की धरतात. साध्या लघवी तपासणीतली पट्टी ‘निल’ दाखवते तेवढ्यावर विसंबू नका. लघवी पातळ असेल तर थोडं अल्ब्युमिन पट्टीवर उमटतच नाही.

चोवीस तासांची लघवी गोळा करायला सांगितली असेल तर सुरुवात कशी करायची इथेच बहुतेकांचं चुकतं. पहिल्या दिवशी सकाळी उठल्यावरची लघवी टाकून द्यायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची लघवीही डब्यात. डबा थंड जागी ठेवायचा. पहिली लघवीही धरली तर आकडा फुगतो, मधली एखादी शौचालयात गेली तर कमी येतो. गोळा झालेलं पुरेसं आहे का हे लघवीतल्या एकूण क्रिएटिनिनवरून ताडता येतं: पुरुषांत वजनाच्या दर किलोमागे साधारण २० ते २५ मिलिग्रॅम, स्त्रियांत १५ ते २०. साठ किलोच्या तरुण पुरुषाच्या डब्यात फक्त ६०० मिलिग्रॅम निघालं, तर मूत्रपिंडाबद्दल काही ठरवण्याआधी लघवी पुन्हा गोळा करायला हवी. वयस्क आणि कृश व्यक्तींमध्ये मात्र हे प्रमाण मुळातच कमी असतं.

यूरियाबद्दल थोडक्यात. रिपोर्टवर कधी ‘ब्लड यूरिया’ असतं, कधी ‘बीयूएन’ (यूरियातला फक्त नायट्रोजन), आणि हे एकच आकडे नाहीत. बीयूएनला २.१४ ने गुणलं की यूरिया मिळतो. पाणी कमी पडणं, भरपूर प्रथिनं, स्टेरॉइड, पोटातला रक्तस्राव यांनीही यूरिया वाढतो. म्हणून एकट्या यूरियावरून मूत्रपिंडाचा निष्कर्ष काढत नाहीत.

दोन रिपोर्टांतला फरक

एका वहीत किंवा फोनमध्ये तारीख, क्रिएटिनिन, ईजीएफआर, एसीआर, लॅबचं नाव आणि त्या दिवशीची विशेष गोष्ट, जसं नवीन औषध, जुलाब किंवा ताप, एवढं लिहीत जा. पाच वर्षांची अशी नोंद तज्ज्ञ डॉक्टरांना कुठल्याही एका महागड्या तपासणीपेक्षा जास्त सांगते.

क्रिएटिनिन निरोगी माणसातही रोज थोडं वरखाली होतं, यंत्राचाही थोडा फरक असतो. १.० चं १.१ झालं यावरून काही ठरत नाही. ईजीएफआर मागच्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त उतरला, किंवा एसीआर दुप्पट झालं, तर तो नेहमीचा चढउतार नाही, कारण शोधायला हवं. वर्षाला पाचपेक्षा जास्त अंकांनी सतत घसरण होत असेल तर मूत्रपिंडतज्ज्ञांना दाखवा. ईजीएफआर ३० च्या खाली किंवा एसीआर ३०० च्या वर टिकून असेल तरीही दाखवा, त्रास काही होत नसला तरी.

घाईचा मामला वेगळा. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं, किंवा आठवड्याभरात दीडपट झालं, तर ती मूत्रपिंडाला झालेली तीव्र इजा धरतात आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. लघवी अगदी कमी होणं, धाप, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज, सतत उलट्या, गुंगी यांपैकी काही असेल तर रिपोर्टची वाटही बघू नका. अशा काळात छापलेला ईजीएफआर खोटा असतो. मूत्रपिंडं आज सकाळी पूर्ण थांबली तरी क्रिएटिनिन साचायला वेळ लागतो, दिवसाला साधारण १ ते १.५ ने ते चढतं. पहिल्या दिवशीचा आकडा बघून सूत्र ‘बरीच क्षमता शिल्लक’ सांगेल, आणि प्रत्यक्षात ती शून्याजवळ असेल.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा इजेचं नेहमीचं कारण आहेत, विशेषतः पाणी कमी पडलेलं असताना आणि ‘प्रिल’, ‘सार्टान’ किंवा लघवीच्या गोळीच्या जोडीने. ही औषधं चालू असतील तर जुलाब-उलट्या झाल्यास कोणती गोळी तात्पुरती थांबवायची आणि पुन्हा कधी सुरू करायची, हे डॉक्टरांना बरं असतानाच विचारून लिहून ठेवा.

औषधाचा डोस ठरवताना

छापलेला ईजीएफआर १.७३ चौरस मीटर एवढ्या शरीराच्या पृष्ठभागासाठी मोजलेला असतो. शरीरयष्टी लहान असेल तर औषधाच्या डोससाठी तो थेट वापरणं धोक्याचं. बऱ्याच औषधांचे डोस आजही १९७६ च्या कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्रावर ठरतात: १४० वजा वय, गुणिले किलोमधलं वजन, भागिले (७२ गुणिले क्रिएटिनिन), आणि स्त्रियांसाठी उत्तराला ०.८५ ने गुणायचं. पंचाहत्तर वर्षांच्या, ४५ किलो वजनाच्या, १.० क्रिएटिनिनच्या आजींचा ईजीएफआर ५९ छापून येईल, तर या सूत्राने उत्तर साधारण ३५ येतं. काही प्रतिजैविकं आणि रक्त पातळ करणारी काही औषधं यांचा डोस या दोन आकड्यांना वेगळा असतो. म्हणून घरातल्या वृद्ध, कृश व्यक्तीसाठी नवीन औषध लिहून घेताना रिपोर्टसोबत त्यांचं आजचं वजनही सांगा, आणि डोस मूत्रपिंडाच्या हिशेबाने धरलाय का, असं थेट विचारा.